बाळंतिणीची साक्ष

गोव्याच्या आरोग्य खात्याची कामगिरी सांगण्याची वेळ आली की एक आकडा हमखास पुढे केला जातो, आणि तो पुढे करण्यासारखा आहे यात शंका नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार या राज्यातील ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे रुग्णालयांत होतात. ज्या नव्या काबिजादींत मुक्तीपूर्वी तालुक्याचा एखादा ‘देलेगाद’ आणि वाड्यावरची वैजीण यांच्या भरवशावर अडलेली बाई मोकळी होत असे किंवा होत नसे, त्या पेडणे, डिचोली, सत्तरीत आज चिमणीच्या उजेडात, माजघराच्या कोपऱ्यात मूल जन्मल्याचे सहसा ऐकू येत नाही. बाळंतपणात गेलेली एखादी काकी, एखादी थोरली सून जुन्या पिढीच्या जवळजवळ प्रत्येक घराण्याच्या आठवणीत असे. तिची आठवण काढताना घरातले आवाज खाली येत. आजच्या तरुण मुलींना ती धास्ती तशी ठाऊक नाही. हा बदल लहान नव्हे, आणि तो घडवून आणणाऱ्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे, गावोगाव पायपीट केलेल्या सुईणींचे ऋण मान्य न करणे हा कृतघ्नपणा ठरेल.

तथापि हा आकडा सांगतो ते एवढेच की बाई रुग्णालयाच्या दारातून आत गेली आणि तेथे तिचे मूल जन्मले. ती किती दारे ठोठावून त्या दारापाशी पोहोचली, मध्ये किती वेळ गेला, आत तिच्याशी कोण कसे बोलले, तिच्या पोटावर सुरी चालवण्यापूर्वी तिला काही समजावून सांगितले गेले काय, घरी परतल्यावर सहाव्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून का रडत होती, यांपैकी काहीही त्या आकड्यात नाही. हे सारे ज्या एका व्यक्तीला ठाऊक असते तिला ते कोणी विचारीत नाही. पेडणे किंवा डिचोलीकडील कोणत्याही वाड्यावर चार लेकुरवाळ्या बायांना बोलते करून पाहावे. पहिल्या दहा मिनिटांत ‘सगळे बरे झाले’ असे सांगणाऱ्या बाया अकराव्या मिनिटाला जे सांगू लागतात, ते आरोग्य खात्याच्या कोणत्याही वार्षिक अहवालात सापडणार नाही.

प्रथम वाटेचाच विचार करू. पेडणे तालुका दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेला आहे. उत्तरेस तेरेखोल, दक्षिणेस शापोरा. तालुक्यातील कोणत्याही गरोदर बाईला काही गुंतागुंत उद्भवली की कोलवाळचा पूल ओलांडून म्हापसा, म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात सोय झाली नाही तर पर्वरीच्या कोंडीतून मांडवीपार, आणि तेथून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, अशी ही यात्रा असते. डिचोलीची बाई अस्नोड्यावरून म्हापशाला येते आणि पुढचा रस्ता तोच. खाणी जोरात असताना डिचोली आणि साखळीच्या रस्त्यांवर खनिजवाहू ट्रकांच्या रांगांत रुग्णवाहिका कशा अडकत, हे त्या भागातील लोक अजून विसरलेले नाहीत. आणि तेरेखोल हे गाव तर नदीच्या पलीकडे, गोव्यापासून पाण्याने तुटलेले. केरीची फेरीबोट उभी असेल तर ठीक. ती नसेल तर रेडीमार्गे महाराष्ट्राच्या हद्दीतून आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून वळसा घालून आपल्याच तालुक्यात यावयाचे. नकाशावर हे अंतर बोटाच्या एका पेराएवढे दिसते. कळा सुरू झालेल्या बाईला ते तसे दिसत नाही.

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी तीन विलंब सांगितले आहेत. दवाखान्यात जावे हे ठरविण्यातला विलंब, तेथे पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यानंतर उपचार मिळण्यातला विलंब. पहिला विलंब गोव्यातील बाईने केव्हाच मागे टाकला आहे. ती शिकलेली आहे, तिची सासूही आता ‘आमच्या वेळी’ची गोष्ट सांगत बसत नाही. २००८ सालापासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागल्यामुळे दुसराही पुष्कळ कमी झाला. उरतो तो तिसरा, आणि तो लोकांच्या अज्ञानाच्या माथी मारता येत नाही. तो सर्वस्वी शासनाचा आहे.

‘पुढे न्या’ या दोन शब्दांत हा तिसरा विलंब सामावलेला आहे. तालुक्याच्या सामाजिक आरोग्य केंद्रात बाई येते, तपासणी होते, आणि काही वेळाने हे दोन शब्द तिच्या नवऱ्याच्या कानी पडतात. येथे आम्ही त्या केंद्रातील डॉक्टरास दोष देऊ इच्छीत नाही. ज्याच्यापाशी रात्री भूलतज्ज्ञ नाही, रक्तसाठा नाही आणि नवजात बालकाला सांभाळणारा तज्ज्ञ नाही, त्याने धोका पत्करण्यापेक्षा बाईला पुढे पाठवावे हेच शहाणपणाचे आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांतही प्राण जाऊ शकतो, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. प्रश्न त्याच्या वरच्या मंडळींना विचारावयाचा आहे. सिझेरियन शस्त्रक्रिया, रक्ताची सोय आणि नवजात बालकाची काळजी या तीन गोष्टी अष्टौप्रहर उपलब्ध असतील तेव्हाच एखाद्या केंद्राला प्रथम संदर्भ केंद्र म्हणावे, असे केंद्र शासनाचेच निकष सांगतात. भूलतज्ज्ञ दिवसा हजर आणि रात्री गैरहजर असेल तर त्या निकषाचा उपयोग काय? बाळे कार्यालयीन वेळ पाहून जन्माला येत नाहीत.

पेडणेकरांच्या मनात याविषयी एक सल आहे आणि ती अकारण नाही. तुये येथे शंभर खाटांच्या रुग्णालयाची इमारत उभी राहिल्यानंतरही ते पूर्ण क्षमतेने चालू होण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला, त्यासाठी लोकांना कृती समिती स्थापन करून रस्त्यावर यावे लागले. त्याच तालुक्यात मोपा विमानतळाची कोनशिला नोव्हेंबर २०१६ मध्ये बसली आणि ५ जानेवारी २०२३ रोजी तेथून विमाने उडू लागली. विमानतळाला आमचा विरोध आहे असे कोणी समजू नये. पण डोंगर सपाट करून धावपट्टी बांधण्याइतकी कार्यक्षमता ज्या शासनापाशी आहे, त्या शासनाला बांधलेल्या इमारतीत भूलतज्ज्ञ नेमता येऊ नये, हे कोडे सामान्य माणसाला उलगडत नाही. परदेशातून येणारा पाहुणा पेडण्यात उतरतो. पेडण्याची बाई मात्र प्रसूतीसाठी पेडण्यातून बाहेर जाते.

बायकांच्या सांगण्याला शास्त्रात काय किंमत, असे विचारणारे विद्वान आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी एक जुनी हकीगत सांगावीशी वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. भरतीचे दिवस दोहोंत वाटून दिलेले होते. पहिल्या विभागात बाळंतज्वराने बायका अधिक मरतात हे त्या शहरातील गोरगरीब बायकांना पक्के ठाऊक होते. तेथे पाठवू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत, आणि दुसऱ्या विभागाचा दिवस उजाडेपर्यंत कळा सोसत बाहेर थांबत; काहींची तर वाटेवरच सुटका होई, आणि तरीही त्या वाचत. डॉक्टर मंडळी या भीतीला बायकी खुळ समजत होती. इग्नात्स सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ती भीती खरी मानली, दोन विभागांची नोंदपुस्तके ताडून पाहिली, आणि शवविच्छेदन करून आलेले हातच विष घेऊन येतात असा निष्कर्ष काढला. मे १८४७ पासून त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. सूक्ष्मजंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित व्हावयाचा होता. त्या अशिक्षित बायकांना कारण माहीत नव्हते, परंतु रोग कोठे आहे हे त्यांनी अचूक दाखविले होते.

इतक्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी घरात कोणास ठाऊक नाही? चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत दगावले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, या जाणिवेने ती मुलगी समुद्रापार गेली आणि १८८६ साली डॉक्टर होऊन परतली. तिच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. एका बाळंतिणीचे दुःख ज्ञानाच्या मार्गाला लागले तर काय घडू शकते, त्याचे याहून ठळक उदाहरण आपल्या इतिहासात आम्हांस दिसत नाही.

आता ज्या विषयावर पुरुष बोलत नाहीत आणि बायका आपसांतच कुजबुजतात त्याकडे वळू. प्रसूतिकक्षातील भाषा. ‘तेव्हा काही वाटले नाही, आता ओरडतेस कशाला?’ या अर्थाचे वाक्य देशभरातील प्रसूतिकक्षांत कळा देणाऱ्या बाईला ऐकवले जाते, हे आता अभ्यासकांनी नोंदविलेले सत्य आहे. बोलणारी बहुधा स्त्रीच असते, आणि दोन-तीन जणींचे काम एकटी ओढून, रात्रपाळीवर रात्रपाळी करून ती करवादलेली असते. तिची बाजू आम्ही समजू शकतो. पण ज्या घटकेला बाईचा दुसरा जन्म होतो असे आपण म्हणतो, त्या घटकेला कानावर पडलेला शब्द ती बाई आयुष्यभर विसरत नाही, आणि पुढच्या खेपेला शक्य असेल तर कर्ज काढून खाजगी प्रसूतिगृहाची पायरी चढते. शिवी, धाक, मांडीवर चापटी हे सारे शिस्तीचे उपाय असल्याचा समज अजूनही काही ठिकाणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली जाहीर निवेदन काढून अशा वागणुकीला स्त्रीच्या हक्काचा भंग ठरविले. आपल्या केंद्र शासनानेही फेब्रुवारी २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी बाईजवळ तिच्या नात्यातील एखादी अनुभवी स्त्री असू द्यावी अशी मुभा दिली. आई, सासू, थोरली जाऊ, कोणीही. जवळ आपले माणूस असले की कळा कमी काळ चालतात, शस्त्रक्रियेची गरज घटते, असे अभ्यासांतून दिसून आले आहे. आमच्या वैजिणींना ते अभ्यासावाचून ठाऊक होते. या मुभेची अंमलबजावणी करावयास लागतात दोन खाटांमधले पडदे आणि एक स्टूल. गोव्यातील किती प्रसूतिकक्षांत हे पडदे लागले आहेत, याची माहिती आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत द्यावी.

बाळ-बाळंतीण घरी आली की शासनाच्या लेखी प्रकरण मिटते. ते तेथे मिटत नाही हे गोव्यातच सिद्ध झालेले आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता खिन्नतेच्या विकाराने ग्रस्त आढळल्या, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनीही त्याच अवस्थेत होत्या. ज्यांना हा विकार जडला त्यांच्यातील बहुतेकींचे मन गरोदरपणीच ढासळलेले होते. म्हणजे तपासणीला येणाऱ्या बाईचे वजन आणि रक्तदाब मोजताना कोणी दोन शब्द विचारले असते तर ते तेव्हाच उमगले असते. कारणे कोणती? दारिद्र्य, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. ‘बाळंतवायू’ किंवा ‘नजर’ म्हणून आपण ज्यावर मीठमोहऱ्या उतरवतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा आपल्याच घरातली माणसे असतात, हे सांगताना आम्हांस आनंद होत नाही. गोव्यातच पुढे आणखी एक प्रयोग झाला. ज्यांनी स्वतः मुले वाढविली आहेत अशा साध्या बायांना थोडे शिक्षण देऊन खिन्न गरोदर स्त्रियांच्या घरी पाठविण्यात आले. २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि अशा भेटींनी बऱ्या होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढल्याचे त्यांत आढळले. देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या जात असताना गोव्याने त्या नेमल्या नव्हत्या. आरोग्यसेविका आणि अंगणवाडी सेविका यांवर भागेल असे आपण मानले. भागते की नाही हे पुन्हा तपासावयास हरकत नाही.

आणखी एक विसंगती नोंदवणे भाग आहे. एकीकडे शस्त्रक्रियेची सोय नाही म्हणून तालुक्याची बाई बांबोळीला धाडली जाते, आणि दुसरीकडे सबंध राज्यात शस्त्रक्रियेने होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २०१५-१६ मधील सुमारे ३१ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ३९ टक्क्यांच्या पुढे गेले. सबंध देशाचे प्रमाण त्याच सुमारास २१ टक्क्यांच्या आसपास होते. दहा-पंधरा टक्क्यांपलीकडे शस्त्रक्रिया वाढल्याने माता किंवा बालके अधिक संख्येने वाचतात असा पुरावा नाही. मग या वाढीव सुऱ्या कोणासाठी? यात डॉक्टरांची सोय किती, खाजगी प्रसूतिगृहांचे अर्थकारण किती, कज्जेदलालीची भीती किती आणि कळांना घाबरलेल्या, मुहूर्त पाहणाऱ्या कुटुंबांचा आग्रह किती, याचा निवाडा बाळंतिणींना विचारल्यावाचून होणार नाही.

सीमेवरील सोयरिकींचा प्रश्न तर अगदी आपला. पेडणे, डिचोलीच्या लेकी सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याकडे दिल्या जातात, तिकडच्या इकडे येतात. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. १ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या रुग्णालयात परराज्यांतील रुग्णांकडून शुल्क घेण्याचे ठरले तेव्हा सिंधुदुर्गात मोठा असंतोष उसळला. राज्याची तिजोरी सर्वांना पुरणार नाही हा शासनाचा युक्तिवाद आम्ही सर्वस्वी झिडकारीत नाही. परंतु माहेरी आलेली धारगळची लेक केवळ तिच्या रेशनकार्डावर सावंतवाडीचा पत्ता आहे म्हणून परकी कशी ठरते? गरोदर बाईपुरते तरी माहेरचे नाते हाच रहिवासी दाखला मानावा. बांधकामावर, हॉटेलांत, खाणींवर राबणाऱ्या परप्रांतीय मजूर स्त्रियांची अवस्था याहून बिकट आहे. त्यांची भाषा प्रसूतिकक्षात कोणाला येत नाही आणि तेथली भाषा त्यांना कळत नाही.

२०११ सालापासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयातील प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून परत घरापर्यंतचा प्रवास हे सर्व मोफत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात बाळंतपणातील सुरक्षित उपचार हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे बजावले. म्हणजे कायदा आहे, योजना आहे, पैसाही आहे. नाही ती नोंद. बाळंतपणात मृत्यू झाला तर त्याची चौकशी करण्याची पद्धत आहे, आणि ती आवश्यकच आहे. परंतु मरणाच्या दारातून परतलेल्या बाईची हकीगत लिहून घ्यावी अशी सूचना केंद्राने २०१४ साली देऊनही ती आपल्याकडे कोणाच्या चर्चेत नाही. बाई वाचली, आता काय विचारायचे, अशी एकूण वृत्ती.

आमची सूचना साधी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. बाळाची लस टोचून घेण्यासाठी प्रत्येक माता सहाव्या आठवड्यात आरोग्य केंद्रात परत येते. त्या दिवशी, ज्या प्रसूतिकक्षात ती बाळंत झाली तेथील नसलेल्या कोणा स्त्रीने, तिला कोपऱ्यात बसवून, मराठी, कोंकणी, हिंदी, कानडी जी तिची भाषा असेल तीत पाच-सहा प्रश्न विचारावेत. किती ठिकाणी फिरावे लागले? किती वेळ लागला? पदरचा पैसा कशावर गेला? कोणी टाकून बोलले काय? शस्त्रक्रिया का केली हे सांगितले काय? आणि शेवटी, रात्री झोप लागते काय? नावे वगळून या उत्तरांचा गोषवारा दर सहा महिन्यांनी तालुकावार प्रसिद्ध व्हावा. त्याच्या शेजारी पेडणे, कासारवर्णे, डिचोली, साखळी या प्रत्येक केंद्रात किती बाया आल्या, किती तेथेच मोकळ्या झाल्या, किती पुढे पाठविल्या आणि भूलतज्ज्ञ किती रात्री हजर होता, हे आकडे छापावेत. गोमेकॉवर ताण पडतो म्हणून दरवर्षी तक्रार करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही तो ताण कोठून येतो हे त्यातून दिसेल.

तेरेखोलच्या बाईसाठी मात्र सहा महिन्यांच्या अहवालाची वाट पाहण्याचे कारण नाही. रात्री केरीच्या धक्क्यावर फेरीबोट सज्ज ठेवावयाची की रेडीमार्गे येणाऱ्या रुग्णवाहिकेसाठी सिंधुदुर्गच्या प्रशासनाशी कायमचा करार करावयाचा, हे नदी परिवहन खाते आणि आरोग्य खाते यांनी एका बैठकीत ठरवावे, आणि ते पावसाळा लागण्यापूर्वी ठरवावे.